साबणाची वडी कडक हवी आणि फेसही हवा: घरच्या साबणात तेलांचं गणित कसं बसवायचं

माझ्या पहिल्या साबणात 70 टक्के सूर्यफूल होतं, 20 टक्के खोबरेल आणि 10 टक्के एरंडेल. कारण एवढंच की घरात सूर्यफुलाचा डबा नुकताच फोडला होता. तीन दिवसांनी साच्यातून काढला तर वडी पेढ्यासारखी, बोट लावलं की ठसा उमटायचा. दीड-दोन महिन्यांनी तिच्यावर नारिंगी ठिपके आले आणि वास यायला लागला खवट शेवेचा.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले आणि सगळा साबण खोबरेलाचा केला. दुसऱ्या दिवशी कापायला गेले तर सुरी चालेना, वड्यांच्या कडा ढासळल्या. फेस मात्र भरपूर, पांढराशुभ्र. हात कोरडे पडले हे एक वेळ सोडून देऊ, पण ती दगडासारखी वडी बाथरूममध्ये आठ-दहा दिवसांत संपली. कडक वडी इतक्या लवकर झिजते कशी, हे कळायला मला बराच वेळ आणि बरंच तेल लागलं. तुमचं तेल वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

## 1. सामान, आणि कॉस्टिकची शिस्त

लागणारं सामान असं:

- 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. वाटी-चमच्याच्या मापाने साबण करू नका.
- स्टीलचं पातेलं आणि जाड प्लास्टिकचा जग (तळाला त्रिकोणात 5 आकडा असलेला).
- हँड ब्लेंडर, सिलिकॉनचा चमचा, थर्मामीटर.
- रबरी हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे.
- साचा. दुधाचा किंवा ज्यूसचा रिकामा टेट्रापॅक उत्तम.
- कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पाकिटावर शुद्धतेचा आकडा असलेला घ्या.

खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा. या दोन्हींनी साबण होत नाही. तुंबलेल्या मोरीत टाकायची पावडरही नको, तिच्यात इतर रसायनं मिसळलेली असू शकतात.

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. उलट केलंत तर ते उसळून अंगावर येतं. मिश्रण खूप तापतं आणि वाफ घशाला झोंबते, म्हणून खिडकीशी उभं राहून करा. अ‍ॅल्युमिनियमचं किंवा हिंडालियमचं भांडं अजिबात नको: कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. हातावर थेंब उडाला तर नळाखाली भरपूर पाण्याने धुवा, व्हिनेगर शोधत बसू नका. मुलं आणि मांजर दाराबाहेर.

## 2. दोष नेमका कोणता, ते आधी ठरवा

“साबण मऊ झाला” आणि “फेस येत नाही” या तक्रारींच्या पोटात चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात. कुठलं ते न ओळखता तेल बदलायला गेलात तर गोल गोल फिराल. मी फिरले आहे.

आधी कडकपणाकडे बघू. साबणाच्या बाबतीत कडक आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक तेल वेगवेगळ्या मेदाम्लांचं (फॅटी अ‍ॅसिडचं) बनलेलं असतं. खोबरेलात लॉरिक आणि मिरिस्टिक ही आम्लं मिळून सुमारे दोन तृतीयांश असतात. त्यांचा साबण घट्ट होतो, पण पाण्यात चटकन विरघळतो. भरपूर फेस येतो तोही म्हणूनच, आणि वडी भराभर संपते तीही म्हणूनच. पामिटिक आणि स्टिअरिक ही आम्लं पाम तेलात आणि कोकमात जास्त. त्यांचा साबण पाण्यात सावकाश विरघळतो, त्यामुळे वडी टिकते. फेस मात्र कमी आणि सायीसारखा.

ऑनलाइन साबण कॅल्क्युलेटर नवशिक्यांना इथेच चकवतात. त्यांच्यातला ‘हार्डनेस’चा आकडा ही चारही आम्लं मिळवून काढलेला असतो. त्यामुळे निव्वळ खोबरेलाच्या साबणाला 79 गुण मिळतात, आणि शिफारस तर 29 ते 54 ची असते. आकडा बघून वाटतं की वडी जन्मभर पुरेल. म्हणून तो आकडा बाजूला ठेवा आणि फक्त पामिटिक अधिक स्टिअरिक यांच्या टक्क्यांची बेरीज बघा. ती 25 ते 30 च्या आसपास असली की वडी टिकते असा माझा अनुभव आहे. माझ्या सूर्यफुलाच्या साबणात ती जेमतेम 10 होती आणि खोबरेलाच्या साबणात 12. म्हणजे एक पेढा आणि एक दगड, पण टिकण्याच्या हिशोबात दोघे सख्खे भाऊ.

फेसातही प्रकार आहेत. मोठे, हलके बुडबुडे खोबरेलाने येतात. बारीक, दाट, सायीसारखा फेस पामिटिक-स्टिअरिकने येतो. एरंडेल फारसा स्वतःचा फेस आणत नाही, पण दुसऱ्यांनी आणलेला धरून ठेवतं.

फेस नसण्याचं कारण तेल नसून पाणीही असू शकतं. आमच्याकडे पुण्यात सोसायटीला बोअरचं पाणी येतं आणि मी दोन महिने विनाकारण रेसिपी बदलत बसले होते. शेवटी दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत किसणीवर किसलेला चिमूट-चिमूट साबण टाकला आणि खच्चून हलवल्या. आरओच्या बाटलीत बुचापर्यंत फेस चढला. नळाच्या बाटलीत पाणी ताकासारखं गढूळ झालं, वर राखाडी साका तरंगला आणि फेसाची एक कडी काचेला चिकटून राहिली. साबणात काहीच बिघाड नव्हता. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा साका करत होतं. ही चाचणी सगळ्यात आधी करा. आरओच्या बाटलीत फेस चांगला असेल तर तेलांना हात लावू नका, थेट सातव्या पायरीवर जा.

## 3. आपल्या बाजारातली तेलं ओळखा

पुढचा आकडा म्हणजे 1 ग्रॅम तेलाचा साबण व्हायला किती ग्रॅम कॉस्टिक लागतं ते.

खोबरेल, 0.183: फेस आणि कडकपणा. 20 ते 30 टक्के पुरे. त्याच्या वर गेलं की कातडी ओढल्यासारखी वाटते.

पाम, 0.142: टिकाऊपणा, सायीसारखा फेस. डब्यात तळाशी घट्ट गर आणि वर पातळ तेल असं वेगळं झालेलं असतं. पूर्ण वितळवून, ढवळूनच वजन करा, नाहीतर दर वेळी वेगळं तेल घ्याल.

कोकम, 0.135: यात स्टिअरिक निम्म्याहून जास्त. पुढे सविस्तर येईलच.

राईस ब्रॅन, 0.133: माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात सोयीचं मऊ तेल. स्वस्त, आणि पातळ असूनही पामिटिक वीस टक्क्यांच्या वर.

शेंगदाणा 0.137, तीळ 0.134: चालतात, पण वडी मऊ करतात.

सूर्यफूल, 0.135: लिनोलेइक आम्ल भरपूर, म्हणून लवकर खवट होतं आणि ते नारिंगी ठिपके येतात. घालायचंच तर 10 टक्क्यांच्या आत. करडईचीही तीच गत.

एरंडेल, 0.128: 5 ते 8 टक्के. त्याच्या पुढे वडी चिकट होते.

करंज आणि कडुनिंब: मी 5 टक्क्यांवर जात नाही, कारण वास. तो महिनाभराने कमी होईल असं सगळे सांगतात. आमच्या घरात कुणाला तसं वाटलेलं नाही.

ऑलिव्हबद्दल मला हमखास विचारतात. त्याचा निव्वळ साबण सौम्य असतो, पण कित्येक महिने ठेवावा लागतो आणि फेस थोडा बुळबुळीत. नवशिक्याने आपल्याकडच्या भावात ते तेल साबणात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन सापळे इथेच सांगते. केसांना लावायच्या सुवासिक खोबरेलाच्या बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा. त्यात मिनरल ऑइल असेल तर त्याचा साबण होत नाही, ते तसंच तेलकट राहतं. साधं, खाण्याचं खोबरेल घ्या. आणि वनस्पती तुपाच्या नादी लागू नका: कुठल्या डब्यात कोणत्या तेलांचं किती मिश्रण आहे ते बाहेरून कळत नाही, मग कॉस्टिकचं गणित कशावर करणार?

## 4. पायाची एक रेसिपी पक्की करा

दर वेळी नवी रेसिपी करू नका. एक धरा आणि तिच्यातच फेरफार करा. माझी 500 ग्रॅम तेलाची अशी:

- खोबरेल 150 ग्रॅम (30 टक्के)
- पाम 150 ग्रॅम (30 टक्के)
- राईस ब्रॅन 175 ग्रॅम (35 टक्के)
- एरंडेल 25 ग्रॅम (5 टक्के)

कॉस्टिकचा हिशोब: 27.45 + 21.3 + 23.28 + 3.2 = 75.23 ग्रॅम. यातून 5 टक्के कमी करायचं, म्हणजे थोडं तेल साबण न होता मागे राहतं आणि कातडीला बरं पडतं. यालाच सुपरफॅट म्हणतात. उरले 71.5 ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, 143 ग्रॅम. पामिटिक अधिक स्टिअरिकची बेरीज येते साधारण 27.

एकाच गावच्या तेलाचे आकडेही थोडे इकडेतिकडे होतात, ती 5 टक्क्यांची सवलत त्यासाठीही उपयोगी पडते. शून्यावर कधी जाऊ नका.

करायची पद्धत थोडक्यात: तेलं वितळवून एकत्र करा. तेल आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही 40 ते 45 अंशांवर आली की पाणी तेलात ओता. ब्लेंडर थोडा चालवा, थोडा थांबा. मिश्रण कढीसारखं असताना सुवास घाला, पातळ पिठल्यासारखं झालं की साच्यात ओता. वर ओढलेली रेघ क्षणभर टिकली म्हणजे ‘ट्रेस’ आला.

## 5. एका वेळी एकच तेल हलवा, आणि कॉस्टिक पुन्हा मोजा

बदल 5 ते 10 टक्क्यांचा करा. एक तेल वाढवलं की दुसरं एक तेवढंच कमी. राईस ब्रॅन हे माझं देवाणघेवाणीचं तेल: जे हवं ते त्याच्या वाट्यातून काढते.

बुडबुडे कमी वाटतात? खोबरेल 150 वरून 175, राईस ब्रॅन 175 वरून 150. कॉस्टिक 72.6 होईल.

फेस येतो पण लगेच बसतो? एरंडेल 25 वरून 40, राईस ब्रॅन 160. कॉस्टिकमध्ये जेमतेम फरक पडतो, तरी गणित करा.

वडी लवकर झिजते? राईस ब्रॅनमधले 50 ग्रॅम काढून तिथे 50 ग्रॅम कोकम. बेरीज 27 वरून 30 च्या पुढे जाते. पाम वाढवूनही भागतं, पण तेवढ्याच ग्रॅममध्ये कोकम जास्त काम करतं.

कातडी कोरडी पडते? खोबरेल 100 वर आणा, राईस ब्रॅन 225 करा. कॉस्टिक 69.

आता जिथे खरा धोका आहे तिथे येऊ. समजा वरची रेसिपी घेऊन तुम्ही 100 ग्रॅम खोबरेल काढलंत, त्याजागी 100 ग्रॅम राईस ब्रॅन टाकलंत आणि कॉस्टिक जुनंच, 71.5 ग्रॅम ठेवलंत. 100 ग्रॅम खोबरेलाला 18.3 ग्रॅम कॉस्टिक लागतं, राईस ब्रॅनला 13.3. म्हणजे 5 ग्रॅम कॉस्टिकला काम उरलं नाही. तुमची सुपरफॅटची सवलत होती पावणेचार ग्रॅमची. ती संपून सव्वा ग्रॅम मोकळं कॉस्टिक वडीत राहिलं. ही वडी दिसायला छान, कडक, पांढरी असते, आणि कातडी भाजते. “तेल तर तेवढंच आहे ना” हे वाक्य साबणात चालत नाही.

## 6. पाम नको असेल तर कोकम

पाम तेल नको म्हणणारे बरेच असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे असाल तर उत्तर घरातच असेल. रातांब्याच्या बिया फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल काढून थिजवायचं आणि हाताने त्याचे अंड्याएवढे गोळे वळायचे. हेच ते मुठेल, थंडीत टाचांच्या भेगांना आजी लावायची ते. दुकानात हेच ‘कोकम बटर’ म्हणून बरंच महाग मिळतं.

500 ग्रॅमसाठी: खोबरेल 150, कोकम 100, राईस ब्रॅन 225, एरंडेल 25. कॉस्टिक 70.4 ग्रॅम, पाणी 141. बघा, 30 टक्के पामचं काम 20 टक्के कोकमाने झालं. पामिटिक-स्टिअरिकची बेरीज तीच, 27 च्या आसपास. कोकम याहून वाढवायची हौस आवरा. वडी ठिसूळ होते, तडकते, आणि खिशालाही परवडत नाही.

कोकमाचा स्वभाव मात्र समजून घ्या. ते 40 अंशांच्या आसपास वितळतं. डिसेंबरात एकदा मी तेलं वितळवून ठेवली आणि दारावर कुणी आलं म्हणून बाहेर गेले. परत येऊन कॉस्टिकचं पाणी ओतलं, ब्लेंडर दोनदा फिरवला, आणि मिश्रण चटकन श्रीखंडासारखं दाटलं. मी खूश, किती झटपट ट्रेस आला! साच्यात भरलं, वर चमच्याने नक्षीही काढली. सकाळी साचा उघडला तर वर तेलाचं तळं, तळाशी कॉस्टिकचं पाणी, मधे रवाळ लगदा. साबण झालाच नव्हता. थंड पाण्यामुळे कोकम नुसतं थिजलं होतं. हा खोटा ट्रेस. शंका आली तर पातेलं गरम पाण्यात धरा: खोटा असेल तर मिश्रण पुन्हा पातळ होतं, खरा असेल तर होत नाही.

तो लगदा मी फेकला नाही. हातमोजे घालून सगळा स्टीलच्या पातेल्यात काढला, ते पातेलं मोठ्या भांड्यातल्या उकळत्या पाण्यात ठेवलं आणि तासभर अधूनमधून ढवळत शिजवला, व्हॅसलिनसारखा दिसेपर्यंत. वड्या ओबडधोबड झाल्या, पण वापरल्या. तेव्हापासून कोकम असलं की तेल आणि पाणी दोन्ही 50 अंशांवर ठेवते.

## 7. मीठ, साखर, लिंबूसत्त्व

तेलं बदलण्याआधी ही तीन स्वस्त औषधं करून बघा. तिन्ही आधी पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि मगच कॉस्टिक टाकायचं.

मीठ 5 ग्रॅम, 500 ग्रॅम तेलाला. वडी साच्यातून लवकर आणि स्वच्छ सुटते. जास्त घातलंत तर फेस मरतो.

साखर 5 ते 7 ग्रॅम. फेस वाढतो. मिश्रण जास्त तापतं, म्हणून साचा टॉवेलात गुंडाळू नका. गूळही चालतो, वडीचा रंग तपकिरी होतो एवढंच.

बोअरच्या पाण्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड 5 ग्रॅम. किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळतं. कॉस्टिकशी मिळून त्याचं सोडियम सायट्रेट होतं, ते पाण्यातलं कॅल्शियम धरतं आणि साका कमी होतो. मात्र ते स्वतः कॉस्टिक खातं: 5 ग्रॅमला 3 ग्रॅम कॉस्टिक जास्तीचं घाला. विसरलात तर वडी मऊ आणि तेलकट होईल, आणि तुम्ही पुन्हा तेलांना दोष द्याल.

## 8. महिनाभर थांबा, मग मत बनवा

साधारण चोवीस तासांनी कापा. खोबरेल किंवा कोकम जास्त असेल तर बारा तासांनीच बघा, उशीर झाला की वडी सुरीखाली फुटते. मग जाळीवर, हवेशीर जागी, वड्यांत बोटभर अंतर ठेवून चार ते सहा आठवडे. पाणी उडत जातं, वजन घटतं, वडी आवळते. पहिल्या आठवड्यातला मऊपणा बघून रेसिपी बदलणं ही सगळ्यांची चूक आहे, माझीही होती.

पावसाळ्यात हा हिशोब लांबतो. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वड्यांना घाम फुटतो. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये साबण केलात तर पंख्याखाली ठेवा आणि दोन आठवडे जास्त धरा. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला हवा असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला करून मोकळे व्हा.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. जुन्या आणि नव्या रेसिपीची एकेक वडी सारख्या वजनाची कापते, दोन्ही बेसिनशी ठेवते आणि आठवडाभर प्रत्येक वेळी दोन्हींनी हात धुते. मग दोन्ही दोन दिवस सुकवून वजन. कोणती किती झिजली ते काटा सांगतो, आपल्या मताची गरज उरत नाही. फेसाचं मत घरच्यांना विचारा, पण कोणती वडी कुठली ते सांगू नका.

प्रत्येक घाण्याची तारीख, तेलांचं वजन, कॉस्टिक, पाणी आणि त्या दिवसाची हवा वहीत लिहा. आणि वडीखाली भोकांची साबणदाणी घ्या. सपाट, पाणी साचणाऱ्या दाणीत कुठलीही वडी दोन दिवसांत लापशी होते, मग तिच्यात कोकम असो नाहीतर पाम.